दोरीवरची गोष्ट

अर्पिता पाण्याची बाटली भरून परत आली, तेव्हा दोरीच्या शेवटच्या चिमट्यात कागदाचा नुसता कोपरा उरला होता. पान कुणीतरी ओढून नेलं होतं. दैवशाला त्या कोपऱ्याकडं बघत उभी होती.

शाळेचा बाल आनंद मेळावा ऐन रंगात आला होता. सातवीच्या बाकीच्या मुलांनी भेळ, बोरं, उकडलेल्या शेंगा विकायला मांडल्या होत्या. दैवशालानं मात्र व्हरांड्यात दोरी बांधून चित्रांची गोष्ट टांगली होती. मोठाले कागद, त्यांवर चौकटी, चौकटींत माणसं आणि माणसांच्या तोंडापाशी बोलण्याचे फुगे. गोष्ट तिचीच होती. तोतरं बोलणारी एक मुलगी, तिची रोज नक्कल करणारी पोरं आणि शेवटच्या पानावर त्या पोरांना खडसावणारी तिची मैत्रीण. ही मैत्रीण म्हणजे अर्पिताच, दोन वेण्यांसकट. हे शेवटचं पान अर्पिता पाण्याला निघाली तेव्हाच टांगलं होतं, दोघींशिवाय ते अजून कुणी पाहिलंही नव्हतं. चित्रं अशी, की बघणाऱ्यानं हातातली भेळ विसरावी. जी पोरगी वर्गात स्वतःचं नाव सांगताना घामाघूम व्हायची, तिच्या फुग्यांत एकही शब्द अडखळत नव्हता.

"रणधिऱ्याचंच काम आसणार," अर्पिता म्हणाली. "गोष्ट अर्धीच ऱ्हायली की गं. आता?"

दैवशालानं चिमट्यातून तो कोपरा सोडवून घेतला.

तेवढ्यात द्वारकाबाई दोरीपाशी आल्या. रणधीर त्यांचा नातू, दैवशालाची नक्कल करण्यात सगळ्यांत पुढं. पलीकडं त्यानं मांडलेली भेळ खाऊन, कौतुक करून त्या इकडं वळल्या होत्या. वाचता येत नसल्यामुळं चित्रावर बोट ठेवत, सावकाश एकेक पान बघत त्या टोकाला पोचल्या. तिथल्या चित्रात पोरं त्या मुलीला घेरून हसत होती.

"आगं बया! मग? पुढं काय झालं?"

आता खरं तर अर्पितानं बोलायचं. दैवशालाचं अर्धं वाक्य उचलून पुरं करायची तिला पहिलीपासूनची सवय. प्रश्न दैवशालाला आणि उत्तर अर्पिताचं, हे वर्गाच्या बाईंच्याही अंगवळणी पडलं होतं. शिवाय सबंध शाळेत एवढी बडबडी दुसरी कुणी नव्हती. तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण दैवशालानं तिच्या हातातली बाटली घेतली, दोन घोट पाणी प्यायली आणि एक पाऊल पुढं झाली.

अर्पितानं तोंड मिटलं. तिला हे किती जड गेलं असेल, ते तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

"म... म... मग," दैवशाला म्हणाली, "ती प... पो..."

आजूबाजूचा गलका थांबला. कुणीतरी फिसकन हसलं. पुढचा शब्द अर्पिताच्या जिभेवर येऊन बसला होता. तिनं ओठ दाताखाली घट्ट धरला. द्वारकाबाई मात्र घरी कसलंच काम नसल्यासारख्या निवांत उभ्या होत्या.

"पो... पोरगीच बोलली. म... म्हणाली, हसा. लई हसा. माझं बो... बोलून हुईस्तवर म्या हि... हितंच हाय."

अर्पिता चपापली. पानावर असं नव्हतंच! तिला गोष्टीतून सरळ काढून टाकलं होतं, आणि तिचा ऊर अभिमानानं भरून आला.

"खोटं!" भेळेच्या टेबलामागून रणधीर ओरडला. "त्यात ती न्हाय बोलत. अर्पिता बोलती!"

बोलून गेला आणि मग त्याच्या ध्यानात आलं. सगळे त्याच्याकडंच बघत होते.

"व्हय? तुला रं कसं ठावं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

रणधीर खाली पडलेलं लिंबू उचलायला म्हणून वाकला, तो वर येईना. द्वारकाबाई तशाच त्याच्याकडं निघाल्या, तर दैवशालानं त्यांचा पदर धरला.

"आसू द्या, आजी," ती म्हणाली. "ते जु... जुनं पान हाय."