विपुलला झालेला कोरोना

अंकुर रडला की त्याच्या जांघेत लिंबाएवढी गाठ फुगून यायची. हर्निया. डॉक्टरांनी बजावलं होतं, गाठ अडकून बसली तर धावत या, आणि ऑपरेशन होईस्तोवर पोराला रडू देऊ नका. हे शेवटचं अंकुरनं नीट ऐकलं. पाच वर्षांचं पोट्टं, पण जठारपेठेतल्या त्या घरात तेव्हापासून त्याचंच राज्य. त्यानं नुसता ओठ बाहेर काढला की त्याची आई पौर्णिमा मोबाईल हातात द्यायची आणि बाप विपुल घोडा व्हायचा.

ऑपरेशन एकदा लॉकडाऊननं हुकलं. दुसऱ्यांदा ऐन सकाळी पोराचं नाक वाहिलं म्हणून डॉक्टरांनी दारातूनच परत पाठवलं. आता तिसरी तारीख मिळाली होती आणि पौर्णिमाचा जीव टांगणीला लागला होता. घरात कोणी शिंकलं तर ती असं पाहायची की शिंक अर्ध्यातून परत जावी. पोराच्या कपाळाला हात लावून ताप पाहायची, आणि मग खात्री नाही म्हणून नवऱ्याच्या कपाळाला लावून ताडून पाहायची.

अशात तारीख कळताच मूर्तिजापूरहून केशरबाईंचा फोन आला, की पोराला पाहायला येऊन राहिली. केशरबाई म्हणजे विपुलची आत्या. नात्यात कोणाची साधी दाढ उपटली तरी बाई पिशवीत लाडू घेऊन हजर. बरं, एकट्या येतील तर शपथ. शेजारच्या दोघीतिघी सोबत, आणि आल्याबरोबर पोराचे मटामट मुके. त्यांना येऊ नका म्हणणं म्हणजे जन्माचा रुसवा ओढवून घेणं, आणि विपुलची तर तेवढी हिंमतच नव्हती.

"आत्याबाई, येऊ नका. यायले कोरोना झाला," पौर्णिमा म्हणाली आणि तिनं फोन विपुलच्या तोंडाशी धरला. विपुल आधी बावचळला, मग असा काही खोकला की अंकुर टाळ्या पिटू लागला.

औषध भलतंच लागू पडलं. ज्यांनी ज्यांनी येतो म्हटलं होतं त्या सगळ्यांना अचानक शेतातली कामं निघाली. बातमी फिरत फिरत गल्लीत पोचली, तसा दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून पळू लागला. विपुलला कोणाचा फोन आला तरी आपोआप खोकला यायचा. पौर्णिमा मनातून खूश होती. थोडी लाजही वाटत होती, पण आधी तारीख गाठू, लाज मग वाटून घेऊ, असं तिनं ठरवून टाकलं.

तपासण्या झाल्या, तिघंही निगेटिव्ह आले. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात एकालाच आत सोडणार होते. अंकुरनं ओठ काढून बाप निवडला. पौर्णिमा फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभी राहिली. भूल दिली असेल, माझं लेकरू नीट जागं होईल ना, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात समोर ऑटोतून केशरबाई उतरल्या. एकट्याच. तोंडाला पदर घट्ट गुंडाळलेला. त्या जवळ आल्याच नाहीत, रस्त्यापलीकडेच थांबल्या.

"कोरोनावाल्याच्या घरी कोणी फिरकत नाही, पौर्णिमा. तू एकटी पडली असशीन म्हणून आली. विपुल कसा हाय?"

घरी झोपून आहेत, असं पौर्णिमानं सांगितलं. ते शब्द तोंडातून पडतात न पडतात तोच विपुल दवाखान्यातून धावत बाहेर आला. ऑपरेशन चांगलं झालं, अंकुर जागा झाला, मोबाईल मागून राहिला, हे सगळं त्यानं एका दमात सांगितलं. मग त्याला आत्या दिसली. सवयीनं तो खोकला.

पौर्णिमाला आनंदाचं आणि शरमेचं रडू एकदमच आलं. "मी खोटं बोलली, आत्याबाई. कोणी येऊ नये म्हणून."

केशरबाई विपुलकडे खालपासून वरपर्यंत पाहत राहिल्या.

"मीबी बोलली होती," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात टायफाईड झाला म्हणून सांगतलं तुमाले, तो कोरोनाच होता. नाव ऐकून कोणी येणार नाही म्हणून टायफाईड सांगतला. तरी कोणी नाही आलं. तुमीबी नाही. तुयं खोटं कामी तरी आलं, माय."

पौर्णिमा रस्ता ओलांडायला निघाली. केशरबाईंनी तिथूनच हात करून तिला थांबवलं.

"तिकडंच राय. पोराजवळ जायचं हाय तुले."