आंधळी चाल

दामाजीने दोन शिंपले चटईच्या मधोमध सरकवले आणि सगुणाकडे पाहिलं.

*

डोंबिवलीच्या बाजारात एक गिऱ्हाईक टोपलीवरचं ओलं फडकं वर करायला जातं. कोळीण त्याच्या बोटांवर फटका मारते.

*

अष्टमीच्या आसपास खाडीच्या पाण्याला ओढ नसते. जाळं लावलं तरी ते वाळत घातलेल्या लुगड्यासारखं लोंबकळत राहतं. या दिवसांना भांग म्हणतात.

*

तीन पत्तीत सगळ्यात मोठं काय? तीन एक्के. सगळ्यात लहान? दुर्री, तिर्री, पंजी, आणि तीही वेगवेगळ्या रंगांची.

*

"बघ की गो ते पत्ते."

"नाय बघत."

*

साल १९८७. ठाण्याच्या खाडीकाठी, मच्छीमारांच्या शेडमध्ये, भर दुपारी चौघे बसले होते. चंदू पाटील, ज्याच्या शब्दावर कोळीवाडा चालायचा. पंढरी, जो हरला तरी हसायचा. दामाजी. आणि दामाजीची विधवा वहिनी सगुणा. तिने या चटईवर बसू नये असं बाकी तिघांना वाटत होतं, आणि तसं त्यांनी तिला तोंडावर सांगितलं होतं.

भांगात होड्या किनाऱ्याला असायच्या आणि पुरुष दुपारभर पत्ते खेळायचे. पैसे लावायचे नाहीत, ही चंदूच्या बापाने घातलेली अट. लावायचे ते तिसऱ्या खाऊन उरलेले शिंपले. पण शिंपल्यांवर कुणी जाऊ नये. येत्या उधाणाला कुणाचं जाळं कुठे लागणार, हे या चटईवर पत्ते वाटता वाटता ठरायचं. जाळ्याचे खुंट खाडीत ठोकावे लागतात आणि पाण्याची ओढ सगळीकडे सारखी नसते. चटईवर ज्याची जागा, त्याने आपल्या खुंटांबद्दल बोलायचं. ज्याचे शिंपले संपले त्याने उठायचं; मग नारळी पौर्णिमेपर्यंत त्याच्या खुंटांबद्दल दुसरे बोलणार.

सगुणाचा नवरा गोमाजी गेला तेव्हा त्याचे खुंट पुलाच्या अलीकडच्या वळणावर होते. पाणी तिथे सगळ्यात जोरात ओढतं. तेराव्याची जेवणं उरकल्यावर दामाजी म्हणाला, "भावाची जागा मी सांभालीन."

सगुणा पत्रावळी उचलत होती. ती उचलतच राहिली.

"जागा मी सांभालते. होडीवर राघो खलाशी हाय. चटईवर मी बसते."

पंढरी हसला. चंदू हसला नाही. तो बराच वेळ दात कोरत राहिला.

"तीन भांग," तो शेवटी म्हणाला. "तीन भांग टिकलीस तर जागा तुजी. शिंपले आदीच संपले तर तुज्या वतीनं दामा बोलंल, न् तू काय बोलायचं नाय."

"न् टिकले तर तुमी काय बोलायचं नाय."

*

पहिला भांग.

पत्ते हातात पडले की ती लगेच बघायची. चांगले आले की अंगठा पत्त्याच्या कडेवरून फिरायचा. वाईट आले की पदर खांद्यावर ओढून घ्यायची. दोन्ही गोष्टी तिला ठाऊक नव्हत्या. बाकीच्यांना थोड्याच डावांत ठाऊक झाल्या.

राजा, राणी, गुलाम घेऊन ती वाट बघत बसली, तर तिघांनी एकामागून एक पत्ते टाकून दिले. दुसऱ्या डावात तिच्याकडे काहीच नव्हतं, तर तिघेही चढत गेले.

"वयनी," पंढरी म्हणाला, "तुजं तोंड म्हंजे उघडी टोपली हाय गो. काय हाय, काय नाय, सगलं दिसतंय."

दुपार संपली तेव्हा तिचा निम्मा ढीग दामाजीच्या पुढ्यात होता. तो त्याने मोजला. दामाजी सगळंच मोजायचा; दुसऱ्याच्या जाळ्यात किती बोंबील लागले तेसुद्धा किनाऱ्यावर उभा राहून मोजायचा.

*

घरी तिने जमिनीवर चौघांचे पत्ते वाटले आणि चौघांचं एकटीच खेळली. मग पुन्हा वाटले. दिवसचे दिवस. हळूहळू तिला दिसायला लागलं की बहुतेक वेळा हातात काहीच येत नाही, आणि माणूस हरतो ते याच पत्त्यांना धरून बसल्यामुळे. वाईट पत्ते आले की पॅक म्हणायचं, टाकून द्यायचे. राग धरायचा नाही. हे तिला फार जड गेलं. तिला टाकून द्यायची सवय नव्हती.

*

दुसरा भांग.

पॅक. पॅक. पॅक. मधेच एकदा एक्क्याची जोडी आली, तेवढा डाव ती जिंकली. पुन्हा पॅक.

पण प्रत्येक डावाला सुरुवातीचा एक शिंपला मध्ये टाकावाच लागतो. तळाशी बारीक भोक पडलेल्या होडीसारखा तिचा ढीग बसत चालला होता.

"आता बरी खेलतेस," चंदू म्हणाला. "पन अशी खेललीस तर पुढच्या भांगाला तुला हरवायला कोन नको. आपोआप उठशील."

तो टोमणा नव्हता. खरंच होतं ते.

*

तिची सासू जनी ओट्यावर जवळा निवडत होती. गोमाजी आणि दामाजी दोघेही तिचेच.

"दुपारी बाजारात बसतस," जनी मान वर न करता म्हणाली, "तवा टोपलीत किती मासली उरलीय, गिऱ्हाईकाला ठावं असतं?"

"कसं असंल? फडकं असतं वर."

"न् ठावं झालं तर?"

"तर भाव पाडतील. दोनच ऱ्हायल्यात, घरी जायची घाई हाय हिला, असं म्हनतील."

"मंग शेडात तुजा ढीग उघडा कनाला ठेवतस?"

सगुणा तिच्याजवळ ओट्यावर बसली. उरलेली शेवटची दोन पापलेटं ओल्या फडक्याखाली ठेवून, टोपली भरलेली असल्यासारखी मांडी घालून बसायचं, हे ती लग्न झाल्यापासून करत आली होती. एक एक काढायचं. गिऱ्हाईक उठून चाललं तरी हाक मारायची नाही.

"त्यांना कसं नाय सुचलं ह्ये?"

"ते कवा बाजारात बसलेत? मासली होडीतून काढून दिली की त्यांचं संपलं. बायका इकतात कशा, कोनी बघितलंय?" जनीने एक चिंगूळ वेगळं काढून टाकलं. "गोमाला बी ठावं नवतं."

सगुणानेही जवळ्यात हात घातला.

"आयं, दामा तुजाच पोर हाय."

"हाय ना. न् गोमा कोनाचा व्हता?"

*

फडकं जनीचं. पुढचं सगुणाला स्वतःला सुचलं.

न बघता खेळणाऱ्याला त्या चटईवर आंधळा म्हणायचे. आंधळ्याने एक शिंपला टाकला तर बघितलेल्याला दोन टाकावे लागत. आणि आंधळ्याकडे शो मागायचा नाही, म्हणजे त्याला पत्ते उघडायला लावायचे नाहीत. ज्याने स्वतःचेच पत्ते बघितले नाहीत त्याला काय दाखव म्हणायचं, असं चंदूचा बाप म्हणायचा. या नियमाने आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं, कारण फार वेळ आंधळा कुणी राहायचाच नाही. पुढ्यात तीन पत्ते उपडे पडले की हात आपोआप जातो.

सगुणाने सकाळी उठल्यावर तीन पत्ते काढले आणि चुलीशेजारी उपडे ठेवले. भाकऱ्या थापल्या. पाणी भरलं. डोंबिवलीला जाऊन मासळी विकून आली. पत्ते तिथेच होते. संध्याकाळी तिने ते न बघता गड्डीत मिसळून टाकले.

पहिल्या दिवशी तिला त्या पत्त्यांमुळे नीट जेवताही आलं नाही. तिसऱ्या भांगाच्या आदल्या दिवशी ती त्यांच्या शेजारी बसून दोन भाकऱ्या खाऊन उठली.

*

तिसरा भांग.

तिने शिंपले चटईवर ओतले आणि कुणी मोजायच्या आत त्यांवर ओलं फडकं टाकलं.

"ह्ये काय?" दामाजी म्हणाला.

"फडकं."

"काढ ते."

तिने चंदूकडे पाहिलं. चंदूने बापाचे सगळे नियम मनातल्या मनात फिरवून बघितले असावेत.

"फडक्याचा नियम नाय," तो म्हणाला.

"वास येतो गो पन त्याचा," पंढरी म्हणाला.

"तुज्या घरात अत्तर मारतात काय रं?"

दुपारभर ती कधी बघून खेळली, कधी पॅक केलं. काही डाव जिंकली, जास्त हरली. फडक्याखाली हात घालून एक एक शिंपला काढत राहिली. उन्हं पत्र्यावरून उतरायला लागली तेव्हा चंदू म्हणाला, "ह्यो शेवटचा."

पत्ते पडले. दामाजीने आपले उचलून बघितले आणि तो ताठ बसला. सगुणाने आपल्या पत्त्यांना हात लावला नाही. तिने एक शिंपला टाकला.

पंढरीने दोन फेऱ्यांनी पत्ते टाकले. त्यानंतर चंदूनेही टाकले.

दामाजीचे दोन. तिचा एक. दामाजीचे दोन. तिचा एक.

वाऱ्याने तिच्या पत्त्याचा कोपरा उचलला. तिने नजर दारावर ठेवून, चाचपडत, त्याच्यावर चटईबाहेर पडलेला एक फुटका शिंपला ठेवला.

"बघ की गो ते पत्ते."

"नाय बघत."

"घाबरतस?"

"मी कनाला घाबरू? दोन टाक."

त्याने दोन टाकले. त्याचा ढीग आता ढीग राहिला नव्हता. तो संपला तर त्याने उठायचं, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत त्याच्या स्वतःच्याच खुंटांबद्दल दुसऱ्यांनी बोलायचं. शो मागता येत नव्हता. सगुणा बघत नव्हती. दामाजीचे ओठ हलत होते. त्याने फडक्याकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडाशी त्याची गाठ कधी पडलीच नव्हती. असा चेहरा डोंबिवलीतल्या बायका रोज बघत होत्या.

तिने फडक्याखालून एक काढला. दुपारच्या वेळी एखादं पापलेट काढावं तसा, सावकाश.

"पॅक," दामाजी म्हणाला आणि त्याने पत्ते उपडे फेकले.

*

मग चंदूने घसा खाकरला.

"जागा तुजी, सगुणा."

ती मधले शिंपले दोन्ही हातांनी ओढून घ्यायला पुढे वाकली. कोपर लागून फडकं सरकलं. खाली दोन शिंपले होते.

सगळ्यांनी ते पाहिले. पंढरीला राहवलं नाही. त्याने दामाजीचे टाकलेले पत्ते उलटे केले.

तीन नव्व्या.

"आरं दामा! तीन नव्व्या घेऊन पॅक?"

सगुणाने नव्व्या पाहिल्या. मग आपले दोन शिंपले पाहिले. अजून तीन चाली तो रेटता, तर ती उठली असती. आणि हा सगळं मोजणारा माणूस. तिचे कान तापले.

"तू मोजत व्हतास."

दामाजीने उलटलेल्या नव्व्या पुन्हा उपड्या केल्या.

"मोजत व्हतास ना? दोनच उरल्यात, ठावं व्हतं तुला." तिचा आवाज चढला. "माज्यावर दया केलीस?"

"वयनी..."

"मना भीक नको तुजी."

तिने ओढून घेतलेला सगळा ढीग पुन्हा चटईच्या मधोमध लोटला. तिचे दोन शिंपलेही त्याच्यात गेले.

"चंदूमामा, पुन्ना वाट."

"गो येडी, जिंकलीस तू," चंदू म्हणाला. "झालं ना आता."

"पुन्ना वाट. ह्याला नीट खेलू दे."

"आदी तुजे पत्ते तरी बघ," पंढरी म्हणाला. "काय व्हतं ते तरी बघूंदे आमाला."

पत्त्यांवरचा फुटका शिंपला तिने उचलला, तिन्ही पत्ते तसेच उपडे गड्डीत खुपसले, गड्डी दोनदा पिसली आणि चंदूसमोर ठेवली.

"वाट."

दामाजी उठला.

"बस."

"मी नाय बसत."

"बस म्हनते ना."

"नाय बसत सांगितलं ना!"

तो चपला पायात न घालता, हातात घेऊन बाहेर गेला. पंढरीने हसायला तोंड उघडलं आणि मिटलं. चंदूने गड्डी उचलली, ढिगाचे अंदाजाने तीन वाटे केले आणि तिघांचे पत्ते वाटायला लागला. वाटता वाटता, रिवाजाप्रमाणे, कुणाकडेच न बघता त्याने विचारलं,

"उधानाला वलनावर कोनाचं जालं?"

"माजं."

तिचे पत्ते तिच्यापुढे पडले होते. ती दाराकडे बघत होती, आणि तिचा राग अजून उतरला नव्हता.

त्या दिवशी सकाळी, शेडमध्ये यायच्या आधी, दामाजीने शीळफाट्याहून टेम्पोने आपल्या जाळ्यासाठी नवे खुंट आणवले होते. वळणावरच्या पाण्याच्या खोलीला पुरतील एवढे लांब.