तारेआडची माती

साहेब, झुंबरला तुम्ही मारलंत. दरड कोसळून मेली असं कागदावर लिहून तुम्ही मोकळे झालात, पण त्या दरडीखाली तिला धाडलं कुणी, ते तुमच्या कागदात कुठंच नाही. ते आता ऐका.

चांदवडच्या डोंगराखालच्या गावांत जुनी घरं धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची. तुळयांवर काड्या, काड्यांवर तरवडाचा पाला, पाल्यावर चिखल आणि सगळ्याच्या वर वीतभर पांढरी माती. काळी माती उन्हानं फुटते, तांबडी पावसात वाहून जाते. पांढरी तेवढी पहिलं पाणी पिऊन फुगते आणि आपली आपण मिटते. खाली माणसं कोरडी निजतात. पण दर उन्हाळ्यात तिचा नवा थर द्यावा लागतो. एक साल चुकलं, की धाबं गळलंच म्हणून समजा.

कुसाबाईचं धाबं चाळीस वर्षांत गळलं नव्हतं. तिचं वर्षच तसं बांधलेलं. कार्तिकात थंडीच्या आधी गोठ्याला तट्टे लावायचे. फाल्गुनात वावटळी सुटायच्या आत कडब्याच्या गंजीवर बाभळीच्या फांद्या आणि धोंडे चढवायचे. आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली, की पाटी-कुदळ घेऊन पांढरीवर जायचं. गावाच्या माथ्याला पडक्या गढीचा ढिगारा होता, त्यालाच गाव पांढरी म्हणे. बायका उघड्यावर, उभ्यानं, वरून माती खरवडत. तिच्या सासूनं खरवडली, सासूच्या सासूनं खरवडली. कुणाच्या नखाला धक्का लागला नाही.

ब्याऐंशी साली उन्हाळ्यात, आखाजीच्या आधीच, तालुक्याहून तुमची जीप आली. चार दिवसांत पांढरीभोवती काटेरी तार ओढली आणि पाटी लागली, की जागा सरकारी आहे, माती उचलणाऱ्यावर कारवाई होईल. म्हणे कचेरीची इमारत बांधायची होती.

त्या पावसाळ्यात कुसाबाईचं धाबं गळलं, आणि गळलं ते नेमकं पाळण्यावर. झुंबरची तान्ही पोर भिजली, महिनाभर खोकत राहिली. झुंबर ही कुसाबाईच्या भावाची लेक, हट्टानं मागून आणलेली सून. भावाला शब्द दिला होता, की माझ्या घरात तुझ्या लेकीवर पाण्याचा थेंब पडायचा नाही. तो शब्द म्हातारीच्या डोळ्यांदेखत टपटपत होता.

दुसऱ्या साली आखाजीच्या आधीच ती तालुक्याला गेली. कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं.

"बाई, माती गौण खनिजात येते. अर्ज करावा लागेल."

"गौण म्हंजी काय, दादा?"

"म्हणजे... फारसं महत्त्वाचं नसलेलं."

"मंग महत्त्वाचं नाय, तर एवढी तार कशापायी?"

कारकून हसला. अंगठा घेऊन अर्ज ठेवून घेतला. त्यानंतर ती तीन खेपा गेली आणि तिन्ही खेपांना साहेब दौऱ्यावर होते. इकडं रोहिणी लागली. मृग पंधरवड्यावर आला.

लेक पुंजा एकलहऱ्याच्या वीजघरात कोळसा उतरवायच्या कामावर होता. आठ दिवसांनी घरी आला तेव्हा म्हणाला, "आई, पुढच्या साली पत्रे टाकू."

"पुढच्या साली पत्रे. अन् औंदाचा पाऊस कुठं ठेवू, तुझ्या डब्यात?"

तो सकाळच्या गाडीनं कामावर गेला.

त्याच दिवशी सासू-सून आणि शेजारची सगुणाबाई ओढ्याला गेल्या. ओढ्याच्या उंच दरडीत, तळाशी, पांढऱ्या मातीचा पट्टा होता. वाटेत सगुणाबाई म्हणाली, "झुंबरे, तुझ्या सासूला धाब्याचा जेवढा लळा हाय, तेवढा माझ्या सासूला माझा असता ना, तर मी रोज न्हाऊन नटले असते."

"मला तर वाटतं," झुंबर म्हणाली, "आत्यांनी मला मागितलं, ते धाब्यावर माती टाकायला मजबूत दिसले म्हणून."

"मंग काय तुझं रूप बघून?" कुसाबाई म्हणाली, आणि तिघी हसल्या.

माती खणण्याआधी ठोकून बघायची, ही कुसाबाईची रीत. कुदळीच्या दांड्यानं ठोकायचं. बद्द आवाज आला, तर आत पोकळ, तिथं हात घालायचा नाही. टण्ण वाजली, तर भरवशाची. पांढरीवर ही रीत कधी चुकली नव्हती. पण पांढरी होती कोरडी, उघडी. ओढ्याच्या दरडीवर तीन दिवसांमागं वळीव पडला होता. वरून पाणी आत मुरलं होतं आणि तोंडावरची माती उन्हानं भाजून विटेसारखी झाली होती. आत काय चाललंय ते दांड्याला कळणार नव्हतं.

कुसाबाईनं तीन ठिकाणी ठोकलं. तिन्ही ठिकाणी टण्ण वाजलं.

"घाल कुदळ," ती म्हणाली.

झुंबरनं दरडीच्या तळाला भगदाड पाडलं आणि ती वाकून आत शिरली. तिनं भरायची, सासूनं पाटी ओढून घ्यायची, सगुणाबाईनं वर न्यायची. तीन पाट्या निघाल्या.

"आत्या, हितली लय चिकट हाय, लोण्यावानी. आणखी दोन पाट्या, की पाळण्यावरचं भागलं."

मोठा आवाज असा झालाच नाही. गाडीतून पोतं पडावं तेवढा झाला. चौथी पाटी घ्यायला कुसाबाईनं हात पुढं केला होता. त्या हातापुढं मातीच उभी होती.

दोघींनी नखांनी उकरलं. रानातली माणसं धावत आली. झुंबर निघाली तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. कुसाबाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं, नाकातली माती करंगळीनं काढली. माती खरंच लोण्यासारखी होती.

तुमचा माणूस दुपारून आला, लिंबाखाली बसून कागद केला. कुसाबाई म्हणाली, "वाचून दाखवा." त्यानं वाचलं, 'सरकारी ओढ्यातून मातीची चोरी करीत असता दरड कोसळून मयत.'

"चोरी काढा त्यातली. मंग अंगठा देते."

"एका शब्दानं काय होतंय, बाई? ती थोडीच परत येणार आहे?"

"ती येणार नाय, म्हणूनच काढा. मागं तिची पोर हाय. उद्या तिला म्हणतील, तुझी आई चोरी करताना मेली."

त्यानं शब्द काढला नाही. तिनं अंगठा दिला नाही.

तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. त्या तीन पाट्या ओढ्याच्या काठावर तशाच होत्या. त्यांना हात लावायचा कुणाला धीर होत नव्हता. कुसाबाई गेली आणि एकेक करून डोक्यावर घेऊन आली. शिडीला पाय लावला तशी सगुणाबाई खालून म्हणाली, "अवं, सुतकात?"

"पावसाला सुतक नसतं."

पुंजा ओसरीवर गुडघ्यात मान घालून बसला होता. तो उठला नाही, आणि तिनंही त्याला हाक मारली नाही. तीन पाट्या माती ती किती. पाळण्यावरचा कोपरा तेवढा झाकला गेला. तळव्यानं चोपून चोपून तिनं ती बसवली. तिच्यात एक फुटकी हिरवी काचेची बांगडी निघाली. ती तिनं काढली नाही, मातीतच दाबली.

मृगाला घर सगळीकडून गळलं. चुलीत पाणी, अंथरुणात पाणी. पाळण्यावर थेंब पडला नाही. पोर रात्रभर शांत झोपली, आणि म्हातारी तिच्याशेजारी कोरड्यात बसून भिजल्यासारखी कुडकुडत राहिली.

तेराव्यानंतर ती तालुक्याला आली. त्या दिवशी तुम्ही दौऱ्यावर नव्हतात, साहेब. कागद चाळून तुम्ही विचारलंत, "दरड ठोकून, खण म्हणून तुम्हीच सांगितलंत ना?"

"व्हय," कुसाबाई म्हणाली. "म्याच ठोकली. म्याच म्हणले, घाल कुदळ. ते लिहा. मोठ्या अक्षरात लिहा. भावाच्या दारात जाऊन बी म्या हेच सांगितलं, त्यानं मला पाणी इचारलं नाय. पण त्याच्या वरच्या ओळीत लिहा, पांढरीला तार कुणी ओढली. चाळीस वर्सं आमी उघड्यावर माती काढली, आमाला दरडीखाली कुणी घातलं, त्याचं नाव लिहा. मंग हा अंगठा घ्या."

तुम्ही घंटी वाजवून शिपायाला बोलावलंत, आणि म्हणालात, "बाईंना पुढच्या सोमवारी यायला सांग."

असे कैक सोमवार गेले. पांढरीवर अजून एक वीट बसलेली नाही. तारेच्या आत शेळ्या शिरतात, माणूस शिरत नाही. कुसाबाई अजून येते, तुमच्या दारापाशी भिंतीला टेकून बसते, अंगठा मुठीत मिटून.

तिनं आपला गुन्हा भावाच्या तोंडावर सांगितला, साहेब. तुमचा कधी सांगताय?