एकोणिसावी

दुसऱ्या शाळांनी हाकलून दिलेली मुलं या सरकारी शाळेत यायची. एकूण अडतीस. चौदा मुली, चोवीस मुलगे. नऊ जणांचे आई किंवा बाप तुरुंगात, सहा जणांना घर असं नव्हतंच. ही सगळी माहिती गणिताच्या बाई दरवर्षी तक्त्यात भरायच्या आणि खात्यातले साहेब फक्त शेवटचा रकाना बघायचे: पास किती. गेल्या वर्षी सतरा. यंदा निम्मे तरी झाले नाहीत तर शाळा बंद, असं साहेब चहा पिता पिता सांगून गेले. त्यांचं काय जात होतं?

अडतीसचे निम्मे एकोणीस. बाई येता-जाता तेवढंच मोजायच्या. अठरा पक्के होते. एकोणिसावी टाचणी.

सोळा वर्षांची, अंगाने काडी, आणि बोलायला लागली की समोरच्याला टोचणारच. नाव उगाच पडलं नव्हतं. गणितात मात्र बाईंच्या पुढे धावायची. तिच्या खिशात चाकू असायचा. तसं सगळ्यांच्याच खिशात काही ना काही असायचं: साखळी, ब्लेड, पेचकस. बाईंच्या पहिल्याच वर्षी वर्गात तिघांना टाके पडले, एकाचा तर कान लोंबत होता. तेव्हा बाईंनी नियम केला. सकाळी दारात जे असेल ते कपाटात ठेवायचं, संध्याकाळी न विचारता परत मिळेल. झडती नाही, प्रवचन नाही. जप्त केलं असतं तर मुलांनी लपवून आणलं असतं. मोठ्या माणसांचा एकही शब्द खरा न मानणारी ती मुलं बाईंचा हा एवढा शब्द मानायची.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी तो मोडला.

"आजची रात्र चाकू राहू दे इथेच," त्या टाचणीला म्हणाल्या. "उद्या पेपर आहे. रस्त्यात कुणाला काही केलंस तर वर्ष वाया जाईल."

"मी रस्त्यासाठी नाही ठेवत, बाई."

"ऐक गं माझं. सकाळपर्यंतच."

टाचणी कपाटाच्या कुलपाकडे बघून निघून गेली. बाईंना हायसं वाटलं. वाटायला नको होतं.

सकाळी ती आली तेव्हा तिचा डावा डोळा सुजून मिटला होता आणि उजव्या हाताची तीन बोटं भलतीकडेच वळली होती. आईबरोबर राहणाऱ्या माणसाने तिचा हात चौकटीत धरून दार लोटलं होतं. बोटं मोडेपर्यंत, पुन्हा पुन्हा.

बाईंनी तिचा डावा हात धरला. "दवाखान्यात चल आधी."

"पेपर आधी. मी सांगते, पैलवान लिहील." पैलवान म्हणजे खालच्या वर्गातला दांडगट मुलगा. "तुम्हाला एकोणीस हवेत ना? सगळ्या शाळेला माहीत आहे."

पेपर वाटून दहा मिनिटं झाली नसतील, तोच तो माणूस वर्गात घुसला. "न सांगता पळतेस?" म्हणत त्याने टाचणीचे केस मुठीत धरले आणि तिला बाकावरून खेचलं. तिचं कपाळ बाकाच्या कोपऱ्यावर आपटलं, रक्त थेट प्रश्नपत्रिकेवर उडालं. बाईंनी लोखंडी पायांचं स्टूल उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं. तो वळला, त्याने बाईंच्या तोंडावर ठोसा मारला. पुढचा दात तुटला. दुसरा घाव बाईंनी गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो कोसळला, ओरडला, हात जोडू लागला, तरी बाई मारतच होत्या. तो मरावा असंच त्यांना वाटत होतं, आणि त्याची लाज बिलकूल वाटत नव्हती.

पैलवानाने त्यांना मागून कवेत घट्ट धरलं. "बाई, सोडा. मरेल तो."

कुणीतरी पोलिसांना बोलावलं, त्यांनी त्याला उचलून नेलं. बाईंचा जबाब दुपारी घ्यायचा ठरलं. तोंडातलं रक्त पदराने पुसत त्या टाचणीजवळ वाकल्या. "फार लागलं का गं?"

"तो चाकूला घाबरतो," टाचणी म्हणाली. "नुसता दाखवला की मागे सरतो. दोन वर्षं मी कुणाला साधं खरचटवलंसुद्धा नाही. काल दिला असतात तर त्याने हात लावला नसता."

टाचणीने कपाळाला रुमाल बांधला, बाकावर बसली. "लिही रे, पैलवान. प्रश्न पहिला." अडीच तास ती उत्तरं सांगत राहिली. एकदाही बाईंकडे बघितलं नाही.

एकोणीस पास झाले. साहेबांनी अभिनंदनाचं पत्र पाठवलं, शाळा राहिली. टाचणी गणितात पहिली आली. निकालाच्या दिवशी बाई संध्याकाळपर्यंत दारात उभ्या होत्या. ती आली नाही, त्यानंतरही कधी आली नाही. आणि तिला घेईल अशी दुसरी शाळा नव्हती.