खांदा

बीबी गावात लग्न असो की मयत, पहिली हाक प्रेमानंदला. मंडपाचे खांब रोवायचे, पाण्याच्या टाक्या चढवायच्या, तिरडीला खांदा द्यायचा. सगळ्यात तो पुढं. चाळिशी आली तरी त्याचं लग्न जमलं नव्हतं. आई पुष्पाबाई स्थळ पाहायला जिथं जाई तिथं लोक पोराची नोकरी विचारत आणि ती उठून येई. "प्रेम्या हाय म्हणून गाव हाय," म्हणणाऱ्यांपैकीही कोणी आपल्या नात्यातली पोरगी सुचवली नाही.

शेजारच्या अर्जुनरावांच्या सारिकाचं लग्न झालं. आंदणाचा फ्रीज टेम्पोत चढवताना प्रेमानंदच्या कमरेत कळ निघाली आणि तो जागीच बसला. मेहकरच्या डॉक्टरांनी मणका सरकल्याचं सांगितलं. वजन उचलणं कायमचं बंद. अर्जुनराव काही दिवस विचारपूस करायला आले, मग तेही थांबले. फोन वाजेनासा झाला. लग्नाच्या पत्रिका येत, पण मंडपात रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नसे. जेवून तो घरी येई.

पुढच्या वर्षी अर्जुनराव वारले. सारिका पुण्याहून आली. रडून तिचा आवाज बसला होता. ओट्याशी उभा असलेला प्रेमानंद दिसताच ती जवळ आली.

"काका, कंबर कशी हाय आता?"

अर्जुनराव यायचे थांबल्यापासून हे कोणी विचारलं नव्हतं. "बरी हाय," तो म्हणाला.

"मंग बाबाले खांदा द्या. त्यायचा लई जीव होता तुमच्यावर."

पुष्पाबाईनं मागून त्याचा सदरा ओढला. त्यानं तो हलकेच सोडवून घेतला.

'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणत लोक निघाले. वस्तीच्या कमानीपर्यंत तो ताठ चालला. त्याला बरं वाटत होतं. कमान ओलांडली आणि कमरेपासून टाचेपर्यंत वीज गेली. तिरडी एका अंगाला कलली.

"सरक बे बाजूले," मागचा माणूस म्हणाला आणि त्यानं स्वतःचा खांदा लावला. लोक पुढं गेले. सारिकाची नजर बापावरून हलली नाही.

प्रेमानंदला कमानीखालून उठता येईना. परतणाऱ्या दोघांनी त्याला धरून घरी आणलं आणि खाटेवर निजवलं.

"काऊन गेला रे तू?" तेल चोळता चोळता पुष्पाबाईनं विचारलं.

"लई दिसानं कोणी बोलावलं होतं, माय."

त्याचा डावा पाय पुन्हा धड पडला नाही. पुष्पाबाई आता स्थळं पाहायला जात नाही. ती शेतात निंदायला जाते, तेव्हा त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवते आणि दार नुसतं लोटून घेते.