कॉम्प्युटरच्या पोटात अडकलेली डीव्हीडी

मी एक डीव्हीडी बोलतेय. जरा कान लावून ऐका, कारण मी उघड्यावर नाही. बगदादच्या करादा भागातल्या एका घरात, जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात मी अडकून पडलेय. इथं काळोख आहे, उकाडा आहे आणि धुळीचं तर विचारूच नका.

माझा जन्म बगदादच्याच सिनाआ रस्त्यावरचा. तिथं दोन्ही बाजूंना कॉम्प्युटरचीच दुकानं. सरमद नावाच्या दुकानदारानं मला लेझरचे चटके देऊन कॉम्प्युटर चालवणारी एक अख्खी सिस्टीम माझ्या अंगात भरली आणि पाठीवर मार्करनं लिहिलं, 'उत्तम'. जन्मल्या जन्मल्या कौतुक! मी चांगलीच फुगले.

ते दिवस मानाचे होते. कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की मला हाक. मी आत गेले की मालक मंडळी पडद्यावरच्या हिरव्या पट्टीकडे डोळे लावून बसायची. माणसांना वाटतं, टक लावून पाहिलं की काम लवकर होतं. पट्टी अडली की सगळे एकदम 'या अल्ला' म्हणायचे आणि पुढे सरकली की त्याचं श्रेय सरमद घ्यायचा.

पुढे नव्या सिस्टिमी बाळसं धरू लागल्या. बाळसं कसलं, सूजच ती! एकदा सरमदनं नवी सिस्टीम कोऱ्या डीव्हीडीवर भरायला घेतली, तर ती मावेचना. मग दुकानात बोटाएवढा पेनड्राइव्ह आला. "आजीबाई, तुमचा जमाना गेला," असं तो बोटभर पोरगा माझ्या तोंडावर म्हणाला. माझ्या बहिणी एकेक करून कचऱ्यात गेल्या. मी तेवढी वाचले, कारण सरमदला चहाच्या पेल्याखाली ठेवायला काहीतरी हवं होतं. ओल्या काचेनं माझं अंग खरवडलं.

करादातल्या शमीराम खालाकडे, म्हणजे शमीराम मावशीकडे, भरतकामाचं मशीन होतं. शाळेचे बिल्ले, नवरीच्या उशांचे अभ्रे, चर्चचे पडदे, सगळं ती त्याच्यावर भरायची. मशीन चालायचं कॉम्प्युटरवर. तिचा मुलगा ओशाना स्वीडनला. "आई, इकडे ये," हे त्याचं रोजचं पालुपद. खालाला घर सोडायचं नव्हतं. एकदा वैतागून ती बोलून गेली, "हे मशीन बंद पडेल त्या दिवशी येईन, जा!" पोरानं तो शब्द गाठीला बांधून ठेवला.

कॉम्प्युटर रडतखडत चालू लागला, तेव्हा ओशानाच म्हणाला, नवी सिस्टीम टाकून घे. सरमद पेनड्राइव्ह घेऊन गेला. नवी सिस्टीम आली ती वऱ्हाड घेऊनच. सगळी जागा तिनं अडवली, कॉम्प्युटर गोगलगाय झाला, आणि भरतकामाच्या जुन्या प्रोग्रामला तर ती ओळखही दाखवेना. मशीन मुकं झालं.

"झालं ना आता?" ओशाना फोनवर म्हणाला. "शब्द दिला होतास आई."

"दिला होता," खाला एवढंच म्हणाली. मग तिनं सरमदला बोलावलं. "माझी जुनीच बरी होती रे. ती परत घाल."

सरमदनं दुकान पालथं घातलं. जुनी सिस्टीम कुठंच मिळेना. शेवटी चहाचा पेला उचलला, तर खाली मी!

भर ऑगस्ट होता. सरकारी वीज गेलेली, घर गल्लीतल्या जनरेटरवर. त्या तारेवर एक कॉम्प्युटर आणि एक पंखा, एवढंच झेपतं, हे करादातलं शेंबडं पोरही जाणतं. मी आत गेले, फिरू लागले. निम्मं काम झालं होतं. पण पाहुणा घामानं निथळतोय हे खालाला बघवेना. "अरे बाळा, केवढा घाम आलाय तुला!" म्हणत तिनं कूलरचं बटण दाबलं.

खट्! सगळं बंद. कॉम्प्युटरवरचं नवं पुसलं गेलेलं, जुनं अर्धवट.

"खाला, हे काय केलंत!"

"घरी आलेल्याला उकडत ठेवू का मी?"

सरमदनं घाईनं माझ्या कप्प्याच्या दारातल्या बारीक भोकात टाचणी खुपसली, मला बाहेर ओढायला. आतलं दातेरी चाक कडकन मोडलं. दार बोटभर उघडलं आणि पुन्हा मिटलं, ते कायमचं. मी आतच राहिले.

जनरेटरची वीज परत आली, तेव्हा सरमद हात जोडून म्हणाला, "आता हिचीच इच्छा." कूलर बंद, पंखाही बंद. दोघं घाम पुसत बसली. मी पुन्हा फिरू लागले. पेल्यानं खरवडलेली जागा आली तशी मी अडखळले. पट्टी थांबली. खाला पुटपुटली, "चल गं बाई, चल." मला आयुष्यात कुणी बाई म्हटलं नव्हतं. मी जीव तोडून फिरले, पुन्हा पुन्हा फिरले, आणि ते ओलांडलं. थोड्या वेळानं शेजारच्या मशीनची सुई टकटक करू लागली. खाला रडली.

"डीव्हीडी मला परत लागेल," सरमद म्हणाला. "पेटी फोडूनच काढावी लागेल."

"तुझ्याकडे चहाखाली होती ना ती? मग इथं काय वाईट आहे? हात लावू नकोस." आणि तिनं दारावर चिकटपट्टी लावली.

तेव्हापासून मी इथं आहे. रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू होतो आणि सवयीनं आधी मलाच विचारतो. मी दोन गिरक्या घेते, क्षणभर आशा वाटते, मग तो आपल्या कामाला लागतो आणि मी पुन्हा निश्चल. मला उजेड पाहायचाय हो. त्या उशांवरची फुलं मी कधी पाहिलेली नाहीत. आतल्या आत जीव गुदमरतो.

ओशाना दर रविवारी फोन करतो. "अजून चालतंय?"

"चालतंय."

"देवानं कसली गंमत लावलीय," तो म्हणतो आणि हसतो, पण त्याचा आवाज ओला असतो. त्याचीही मला कीव येते.

परवा भंगारवाला दारात आला होता. जुनी पेटी द्या, म्हणाला. आत काही असेल तर काढून देतो, म्हणाला. खाला आतून येईपर्यंत तो खोलीत शिरलाही, त्याच्या पटाशीचं टोक चिकटपट्टीखाली गेलं आणि त्या फटीतून, इतक्या दिवसांनी, उजेडाची एक रेघ माझ्या अंगावर पडली. किती गोड होती ती! पण मला ठाऊक आहे, ही पेटी भंगारात जाऊन हे दार ज्या दिवशी उघडेल, त्या दिवशी मशीन थांबलेलं असेल आणि खालाची बॅग भरलेली असेल. तेवढ्यात तिनं आतून येऊन त्याला हाकललं आणि चिकटपट्टी अंगठ्यानं दाबून बसवली. तिला वाटलं, दार तिनं बंद केलं. खरं सांगू? तिच्या आधी मीच ते धरून ठेवलं होतं.