खिडक्यांचं वेळापत्रक

तासमास्तरांनी एकोणीस वर्षं शाळेचं वेळापत्रक लावलं. बावीस तुकड्या, सोळा वर्ग आणि कायम रजेवर असलेले दोन शिक्षक एवढ्या भांडवलावर संसार करून त्यांनी एकाही तुकडीला कधी व्हरांड्यात बसवलं नाही. निवृत्तीनंतर घरात वेळापत्रक लावण्यासारखं काही उरलं नव्हतं. घरात माणसं दोन, आणि त्यातलं एक ऐकणारं नव्हतं.

अशात लेकीचा फोन आला.

"बाबा, कामासाठी दोन महिने बाहेरगावी राहावं लागणार आहे. भुंग्याला तुमच्याकडे ठेवायचं मनात आहे. पण..."

भुंगा म्हणजे नात. वय वर्षं चार. जागी असेपर्यंत काही ना काही गुणगुणत असायची, म्हणून भुंगा. मागच्या थंडीत ती आली होती, तेव्हा तिसऱ्याच दिवशी गुणगुण थांबली आणि छातीतून शिट्टी वाजायला लागली.

"पण काय?"

"घर जरा नीट करा. शनिवारी आम्ही दोघी येतो, दोन दिवस राहून बघतो. नाहीतर सासूबाई म्हणताहेतच, आमच्याकडे पाठव म्हणून."

विहीणबाईंचं घर नवं होतं. त्या त्याचं असं वर्णन करायच्या, की तिथे आजारी पडायला परवानगी लागत असावी. तासमास्तरांनी फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं, "नात इथेच राहणार."

"मी कुठे नाही म्हटलं?" बायको म्हणाली. "भिंतींना विचारा."

भिंतींना विचारायला आधी ऊर्जावाला आला, म्हणजे घरातली ऊब कुठून पळते ते तपासणारा. त्याने मेणबत्ती पेटवून प्रत्येक खिडकीपाशी धरली. ज्योत वाकली की तो "बघा!" म्हणायचा. ज्योत सगळीकडे वाकली. बाथरूममध्ये गॅसच्या गिझरवर झडपांचा एक झरोका होता. तिथे तर ती विझलीच.

"तुम्ही हीटर लावता ना, तो रस्ता गरम करतो," ऊर्जावाला म्हणाला. "फटी बुजवा. घर कसं, डबा झालं पाहिजे."

तासमास्तरांनी दोन दिवस खपून घराचा डबा केला. खिडक्यांना रबरी पट्ट्या, दारांखाली ब्रश. घर असं उबदार झालं, की बायकोने पहिल्यांदाच त्यांच्या एखाद्या कामाबद्दल काहीही न बोलण्याची कृपा केली. चार दिवसांनी तिने कपाट पुढे ओढलं. मागची भिंत घामाघूम झाली होती आणि तिच्यावर काळे ठिपके उठले होते.

मग ओलवाला आला. त्याने भिंतीला एक यंत्र टेकवलं. ते किंचाळलं.

"घर आहे की डबा?" तो म्हणाला.

"डबाच," तासमास्तर म्हणाले. "तसंच सांगितलं होतं."

"कोणी? अहो, तुम्ही श्वास सोडता, वहिनी रांधतात, कपडे घरातच वाळतात. ती वाफ जाणार कुठे? ही बुरशी लहान मुलाच्या छातीत बसते. उघडा सगळं!"

"आणि ऊब?"

"तो माझा विषय नाही."

तासमास्तरांचं डोकं चक्रावलं. पोरीला थंडी लागली तरी शिट्टी, ओल लागली तरी शिट्टी. बरं, दोघेही शिकलेले, दोघांकडेही यंत्रं. त्यांनी दोन दिवस एक खिडकी उघडून लावली, लावून उघडली. शेवटी बायको म्हणाली, "अहो, ती खिडकी आहे, पंखा नाही."

आणि त्या रात्री जेवताना त्यांच्या लक्षात आलं, की हा पेच जुनाच आहे. दोन शिक्षक, एकच वर्ग, दोघांनाही तो हवा. यावर भांडायचं नसतं. तास वाटून द्यायचे असतात.

सकाळी फ्रिजवर वेळापत्रक लागलं. आडव्या रांगेत खोल्या, उभ्या रांगेत तास. निळा चौकोन म्हणजे उघडं, लाल म्हणजे बंद. पहिला तास: बैठकीची खोली, निळी. दुसरा तास: स्वयंपाकघर निळं, बाकी लाल. तिसरा तास: आंघोळ, आजी. चौथा तास: आंघोळ, भुंगा. या दोन्ही तासांना बाथरूम लाल, कारण ऊब पळण्याची मोठी वाट तीच. पाचव्या तासाला मात्र बाथरूम निळं, कारण ओलवाल्याच्या मते आंघोळीनंतरची वाफ हीच सगळ्या पापांचं मूळ. झरोक्यासाठी त्यांनी पुठ्ठ्याचं मापात कापलेलं झाकण केलं. तासाला लावायचं, तास संपला की काढायचं. दोघांचंही समाधान, कुठेही टक्कर नाही.

"गिझर कुठल्या तुकडीत आहे?" बायकोने विचारलं.

"तो शिक्षक नाही, तो सामान आहे," तासमास्तर म्हणाले, आणि विषय संपला.

शनिवारी लेक आणि भुंगा आल्या. भुंग्याने चपला काढायच्या आधीच फ्रिजपुढे उभं राहून विचारलं, "आजोबा, मी लाल आहे की निळी?"

"तू चौथ्या तासाला लाल."

"बाबा, हे काय आहे?" लेक म्हणाली.

"व्यवस्था."

रविवारी तिसरा तास सुरू झाला. तासमास्तरांनी झाकण बसवलं, बाजूंनी चिकटपट्टी ओढली, बाहेर येऊन घड्याळ बघितलं. आत गिझर धडधडत पेटला. बायकोची आंघोळ वेळेत संपत नसे, हे त्यांनी धरलंच होतं. पंधरा मिनिटं झाली. भुंगा टॉवेल गळ्यात घालून दाराशी गुणगुणत उभी होती.

"आजी, माझा तास!"

आतून उत्तर आलं नाही. मग कडी निघाल्याचा आवाज झाला, दार उघडलं आणि बायको गाऊनमध्येच भिंत धरून बाहेर आली. तिचा चेहरा विचित्र होता. "अहो," ती म्हणाली, "मला हे... कुठलं घर?" आणि खाली बसली.

तासमास्तरांना वाटलं, बीपी. मग वाटलं, भूक. मग काहीच वाटेना. लेकीने मात्र भुंग्याला दंडाला धरून मागे खेचलं, आईला ओढत गॅलरीत नेलं, श्वास रोखून आत जाऊन गिझर बंद केला आणि झरोक्यावरचा पुठ्ठा फाडून काढला.

"बाबा, गाडी!"

दवाखान्यात बायकोला ऑक्सिजन लावला. दुपारपर्यंत ती माणसांना ओळखायला लागली आणि नवऱ्याला टोमणेही मारायला लागली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, धोका टळला. पुठ्ठ्यामुळे गॅस जळताना होणारा विषारी वायू आत कोंडला, त्याला वास नसतो, कळत नाही, असं त्यांनी सांगितलं. अजून पाच मिनिटं, असंही काहीतरी म्हणाले. तासमास्तरांनी ते वाक्य पूर्ण ऐकलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे चौथ्या तासाचा चौकोन होता. तो त्यांनी स्वतः पट्टी लावून लाल रंगवला होता.

संध्याकाळी गॅसवाला आला, गिझरची जोडणी काढून ठेवली आणि फाटका पुठ्ठा उचलून बघितला.

"मापात कापलाय," तो म्हणाला. "हे शहाण्या माणसाचं काम दिसतंय."

"ऊब..." तासमास्तर म्हणाले. "ऊर्जावाले म्हणाले होते फटी..."

"झरोका म्हणजे फट नव्हे, साहेब. हा गिझर बाथरूममध्ये असायलाच नको. मंगळवारी येतो, बाहेर बसवतो."

विहीणबाईंना बातमी कशी कळली ते समजलं नाही. त्यांचा फोन आला तो थेट आमंत्रणाचा: तिघी इकडेच या, इकडे सगळं विजेवर आहे. डॉक्टरांनीही बायकोला घरी सोडताना चार दिवस दुसरीकडेच राहा म्हटलं होतं. बायकोने पिशवी भरली.

"आणि भुंगा?" तासमास्तरांनी लेकीला जिन्यात गाठून विचारलं. "दोन महिने?"

लेकीने हातातली पिशवी पायरीवर ठेवली. "गिझर बाहेर जाऊ दे. भिंती वाळू देत. तोवर ती सासूबाईंकडेच राहील. मग बघू." आणि मग हळूच, "बाबा, बघू म्हणजे नाही असं नव्हे. पण हो असंही नव्हे."

"कळलं," तासमास्तर म्हणाले. कळलं नव्हतं.

ते घरात एकटे परतले. वेळापत्रक काढून चार घड्या करून कचऱ्यात टाकलं. त्याच्या जागी फ्रिज जरा जास्तच पांढरा दिसत होता. मग ते बैठकीच्या खिडकीपाशी गेले आणि कडीवर हात ठेवून उभे राहिले. उघडली तर ऊब जाणार. लावली तर ओल. पूर्वी, या सगळ्या भानगडीच्या आधी, ते ही खिडकी कशी लावायचे-उघडायचे, हे त्यांना आठवेना. कधी विचारच केला नव्हता.

फोन वाजला. बायको.

"पोचलो. भुंगा झोपली. तुम्ही खिडकी उघडलीत का?"

"अर्धी."

"अर्धी कशाला?"

तासमास्तरांनी उत्तर शोधलं. ऊर्जावाल्याचं एक होतं, ओलवाल्याचं एक होतं, गॅसवाल्याचं एक होतं. त्यांचं स्वतःचं सापडेना.

"माहीत नाही," ते म्हणाले.

 हे दोन शब्द बायकोने त्यांच्या तोंडून बहुधा पहिल्यांदाच ऐकले.

"बरं," बायको म्हणाली. "पूर्ण उघडा. आणि स्वेटर घाला."